फियाट गावाची, मारुती घराची

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत आमच्या खळ्याच्या पत्र्याखाली दोन गाड्या आहेत. एक १९७० ची फियाट ११०० डिलाइट, दुसरी १९९४ ची मारुती ८००. मारुतीच्या पाटीवर अजून धुळ्याचा एमएच १८ आहे. तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला आणि एमएच ३९ त्यानंतर आला. फियाटचा नंबर त्याहून जुना, तीन अक्षरांच्या मालिकेतला. दोन्ही गाड्यांची नोंदणी नव्याने करायची वेळ आली आणि घरात विषय निघाला की दोन्हींवर खर्च कशाला, एकच ठेवू. कोणती ठेवायची यावरून अण्णा आणि ताई यांच्यात झालेलं बोलणं मला लिहून ठेवावंसं वाटलं. अण्णा माझे काका. शहाद्याच्या गॅरेजात त्यांनी उभं आयुष्य मिस्त्री म्हणून काढलं. ताई माझी थोरली बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघांचाही जीव गाड्यांवर आहे, म्हणूनच हा वाद लवकर मिटला नाही.

ताई : अण्णा, सरळ सांगते. ठेवायची तर मारुती ठेवू. ती रोज शाळेत जाते-येते. फियाट निघते ती दसऱ्याला हार घालायला, नाहीतर कुणाच्या लग्नात.

अण्णा : निघत नाही, कारण कुणी काढत नाही. इंजिन आजही ठणठणीत आहे. बॉनेट उघडून बघ एकदा. आजूबाजूला हात फिरायला जागा आहे. डिस्ट्रिब्युटर समोर, कॉइल समोर, कार्बोरेटर समोर. पॉइंट काळे पडले तर काडेपेटीच्या कडेने घासायचे. जेटमध्ये कचरा आला तर काढून फुंकर मारायची. एक पाना, एक पेचकस आणि थोडी अक्कल, एवढ्यावर माणूस खेतियापासून धुळ्यापर्यंत जाऊन यायचा.

ताई : हेच तर म्हणते मी. तुमच्या प्रत्येक वाक्यात बॉनेट उघडलेलं आहे. मला गाडी चालवायची आहे अण्णा, उघडायची नाही.

अण्णा : उघडल्याशिवाय गाडी आपली होत नाही, ताई.

ताई : आणि उन्हाळ्यात? मे महिन्यात पेट्रोलच्या पंपावर ओला फडका कोणी टाकायचा?

हा ओला फडका नव्या वाचकाला कळायचा नाही, म्हणून सांगतो. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनाला लागूनच बसवलेला असतो. खान्देशात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला की पंपात आणि नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. मग गाडी भर रस्त्यात मरते. ओला फडका टाकून पंप थंड केला, दहा मिनिटं निंबाखाली बसलं, की पुन्हा सुरू. हा दोष एका फियाटचा नव्हता, त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना उन्हाळ्यात हाच त्रास होता. पण जाणकार ड्रायव्हर एप्रिलपासूनच डिकीत फडका आणि पाण्याची बाटली ठेवायचा. अण्णा अशा जाणकारीला विद्या म्हणतात. ताईचं म्हणणं असं की ज्याच्याकडे ही विद्या नाही त्याला गाडीच नाही, हा नियम कुणी केला?

अण्णा : नियम कुणी केला नाही. गाडी होती ती तशीच होती. आणि कुठली होती? आपल्या महाराष्ट्राची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना घातला. ज्या माणसाने जहाजं बांधली, बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, त्याने मोटारही बांधली. आधी अमेरिकेतल्या क्रायसलरबरोबर डॉज आणि फार्गो, मग इटलीच्या फियाटबरोबर. ती जुनी, पोटाची गोल, पुढची दारं उलटी उघडणारी फियाट, जिला मुंबईचे लोक डुक्कर फियाट म्हणायचे, ती मी लहानपणी पाहिली आहे. मग १९६४ ला ही आली. पुढे तिचंच नाव प्रेसिडेंट झालं, १९७४ पासून पद्मिनी. नाव बदललं, पत्रा तोच.

ताई : तोच पत्रा किती वर्षं? इटलीत ११०० चं सगळं घराणं १९६९ ला बंद झालं. आपल्याकडे तोच सांगाडा सन २००० पर्यंत चालला. छत्तीस वर्षं! या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला.

अण्णा : त्यात वाईट काय? १९७० च्या गाडीचं दार १९९० च्या गाडीला बसायचं. बोल्ट तोच, बुश तोच. पार्ट नाही मिळाला तर शहाद्यात लेथवर गनमेटलचा बुश कातून घ्यायचा. छत्तीस वर्षं एकच गाडी होती म्हणूनच तालुक्या-तालुक्यात मिस्त्री तयार झाले. आज दर तीन वर्षांनी मॉडेल बदलतं. दिव्याची काच फुटली तर अख्खा दिवा बदलायला सांगतात.

अण्णांच्या या बोलण्यात वजन आहे. पण ते अर्धंच चित्र आहे, आणि इथे मला मध्ये बोलावं लागलं. गाडी बदलली नाही ती मिस्त्रींच्या सोयीसाठी नव्हे. वर्षाला गाड्या किती काढायच्या ते परवान्यावर ठरे. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमतीही स्वतः ठरवायला घेतल्या. प्रीमियर कंपनी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. नवी गाडी काढायला ना मोकळीक ना गरज, कारण गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहत उभं होतं. दार वीस वर्षं बसत राहिलं याचं श्रेय म्हणूनच मला कारखान्याला देववत नाही. ते श्रेय अण्णांसारख्यांचं, ज्यांनी टंचाईतून हुन्नर उभा केला.

अण्णा : गिऱ्हाईक थांबलं, कारण माल थांबण्यासारखा होता. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना फियाटच घेतली ना? बारा हजारांची गाडी. जवळ सात, पाच हजारांचं बँकेचं कर्ज. ते गेले तेव्हा कर्ज शिल्लक होतं आणि पत्नी ललिताबाईंनी ते पेन्शनीतून फेडलं. तशा माणसाची ती गाडी.

ताई : अण्णा, शास्त्रीजींबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. मुलांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगते. पण तिची दुसरी बाजूही बघा. ज्या गाडीसाठी पंतप्रधानाला कर्ज काढावं लागलं, ती ब्राह्मणपुरीत कुणाला मिळणार होती? आमच्या आजोबांनी नवी घेतली नाही. कापसाच्या एका चांगल्या वर्षी धुळ्याच्या डॉक्टरांची वापरलेली घेतली. तेव्हा गावात दुसरी मोटार नव्हती.

अण्णा : नव्हती. म्हणून तर ही अख्ख्या गावाची होती! रात्री-बेरात्री बाई अडली की लोक आपल्या दाराशी. शहाद्याच्या दवाखान्यात नेलेल्या किती बाळंतिणी मागच्या सीटवर झोपून गेल्या असतील. नवरी या गाडीतून गेली, साप चावलेला माणूस या गाडीतून गेला. पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणून पुढे तिघं बसायचे. पेट्रोलचे पैसे कुणी दिले, कुणी नाही दिले, आजोबांनी कधी मागितले नाहीत. तुझी मारुती चांगली आहे, पण ती घराची आहे. फियाट गावाची होती.

ताई : एक विचारू? त्या सलग पुढच्या सीटवर आई कधी बसली?

अण्णा काही क्षण बोलले नाहीत.

अण्णा : तेव्हा पद्धत नव्हती.

ताई : नव्हती. पुढे आजोबा, ड्रायव्हर आणि कुणी पाहुणे. मागे बायका, मांडीवर पोरं. बाई या गाडीत बसायची ती नवरी म्हणून, बाळंतीण म्हणून, नाहीतर आजारी म्हणून. तुम्ही म्हणता गाडी गावाची होती. गावाची म्हणजे गावातल्या पुरुषांची. बायकांसाठी ती दुसऱ्याच्या हाताने चालायची.

अण्णा : यात गाडीचा काय दोष?

ताई : गाडीचा दोष म्हणत नाही. पण गाडीची जडण त्या पद्धतीला सोयीची होती. क्लच जड, स्टिअरिंग जड, गिअर हाताशी येईपर्यंत महिने जायचे आणि वाटेत बंद पडली तर खाली उतरून बॉनेट उघडायचं. सत्तर-ऐंशीच्या सालात एकटी बाई प्रकाशा गावाच्या रस्त्यावर बॉनेट उघडून उभी राहू शकली असती का? मारुतीने ही भीती काढली. हलकं स्टिअरिंग, खाली फ्लोअरला गिअर, किल्ली फिरवली की चालू. मी पंधरा दिवसांत शिकले. महाशिवरात्रीला आई, मावशी आणि मी तोरणमाळच्या यात्रेला गेलो. सात पायरीचा घाट मी चढवला. गाडीत पुरुष एकही नव्हता. आई शेजारी, पुढच्या सीटवर. तिने खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि वरपर्यंत बोलली नाही. तिला एवढं खुशीत मी क्वचित पाहिलंय.

या वादात माझं मन कुठे झुकलं ते लपवण्यात अर्थ नाही. ते इथे झुकलं. यंत्र किती टिकाऊ, किती सुटसुटीत याची तुलना करता येते आणि त्यात फियाट हरत नाही. पण यंत्र कुणाच्या हाती गेलं हा प्रश्न विचारला की मारुतीचं पारडं जड होतं.

दोन्ही गाड्यांचे आकडे शेजारी मांडले तर हे आणखी स्पष्ट होतं. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. मारुतीचं ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ताकद दोघींची चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. फरक आहे वजनात. फियाट ९०० किलोच्या घरात, मारुती साधारण ६५०. फियाटमध्ये इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, म्हणून पोटाखालून लांब शाफ्ट, मागे मोठा धुरा, त्याखाली पाटे. मारुतीचं इंजिन आडवं, जोर पुढच्याच चाकांना; शाफ्टही गेला, धुऱ्याचा बोजाही गेला. तेवढ्याच ताकदीत अडीचशे किलो कमी ओढायचे. स्टिअरिंग हलकं झालं, पेट्रोल वाचलं, गाडी स्वस्त झाली, ती या मांडणीमुळे.

अण्णा : मांडणी हुशारीची आहे, मी नाही म्हणत नाही. पहिल्यांदा मारुतीचं बॉनेट उघडलं तेव्हा वाटलं, अर्धं इंजिन काढून ठेवलंय की काय! पण जपानी माणसाने एक एक ग्रॅम मोजलाय हे दिसलं. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघून वय सांगतात, तसा मी नट बघून कारखाना ओळखतो. मारुतीचा नट कधी वाकडा बसलेला नसायचा. ते शिस्तीचं काम होतं.

ताई : १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंगांना दिली. सोडत काढून नंबर लागला होता त्यांचा. किंमत पन्नास हजारांच्या आत-बाहेर. मोठेपण म्हणून नाही, सोय म्हणून गाडी घ्यायची असं पहिल्यांदा लोकांच्या मनात आलं. आमच्या वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून ही घेतली. मास्तरच्या दारात नवी कोरी मोटार! सचिन तेंडुलकरची पहिली गाडीही मारुती ८००. तो एवढा मोठा झाल्यावरही ती परत मिळावी म्हणून सांगत होता.

अण्णा : पण मिस्त्रीचं काय झालं ते बघ. दोन हजार सालाच्या सुमाराला मारुतीतही कार्बोरेटर गेला, कॉम्प्युटर आला. स्कॅनर लावल्याशिवाय दुखणं कळेना. माझ्या हाताखालची पोरं एकेक करून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथे बिघाड दुरुस्त करत नाहीत, बिघडलेलं काढून फेकतात आणि नवं बसवतात. तुझी चौऱ्याण्णवची गाडी अजून कार्बोरेटरवाली आहे म्हणून माझ्या हातात आहे. ती माझ्या काळातली शेवटची.

ताई : हे मात्र मला पटतं. मीही तिला म्हणूनच सोडत नाही. नवी गाडी मला बीप वाजवून रागावते. ही रागवत नाही.

इथून वाद वेगळ्या वळणाला लागला. आतापर्यंत दोघं आपापल्या गाडीची बाजू लावून धरत होते. आता दोन्ही गाड्यांसमोरची अडचण एकच आहे हे दोघांच्या लक्षात येऊ लागलं. पहिली अडचण पेट्रोलची. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल उसापासूनही बनतं, आणि ऊस आमच्याच तालुक्यात वाढतो. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात ही चांगली गोष्ट आहे. पण जुन्या गाड्यांच्या नळ्या, पंपातला पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं ज्या रबराची आहेत ते रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नाही. ते फुगतं, तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणजे महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. वर्षातून दोनदा निघणाऱ्या फियाटला हे रोज चालणाऱ्या मारुतीपेक्षा जास्त घातक आहे.

अण्णा : नळ्या बदलता येतात. आता इथेनॉल सोसणारं रबर मिळतं. पंपाचा पडदाही मिळेल. टाकी उतरवून धुतो. गाडी हलती ठेवली की अर्धी दुखणी होतच नाहीत.

ताई : आणि नोंदणी? कायदा माहीत आहे ना? वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीची नोंदणी वाढवायला २०२५ पासून दहा हजार. पाच वर्षांनी पुन्हा तेवढेच. वर पर्यावरण कर. फियाटसाठी एक वाट आहे. २०२१ चा विंटेज गाड्यांचा नियम. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. वीस हजार भरा, दहा वर्षांची निश्चिंती. तुमची फियाट २०२० लाच पन्नाशीला पोचली. घ्या ती नोंदणी, मानाने राहील.

मला वाटलं अण्णा खूश होतील. ते झाले नाहीत.

अण्णा : त्या नोंदणीवर गाडी कुठे नेता येते?

ताई : प्रदर्शनाला, रॅलीला. पेट्रोल भरायला, दुरुस्तीला.

अण्णा : मंगळवारच्या बाजाराला?

ताई : रोजच्या वापराला परवानगी नाही.

अण्णा : मग काय उपयोग? मुंबईत बघ. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सगळ्या बंद. लोकांनी फोटो काढले, लेख लिहिले, डोळे पुसले. आदल्या महिन्यात त्याच टॅक्सीत बसायला कुणी तयार नव्हतं. गाडीला हार घालणारे पुष्कळ मिळतात. मला तिच्यात बसणारा माणूस पाहिजे. तू मघाशी मला टोचलंस, वर्षातून दोनदा हार घालायला निघते म्हणून. आता तूच तिला कायमची हारात बसवतेस?

ताई : टोचलं ते चुकलं नाही. पण तुमचं म्हणणं खरं आहे. मारुतीचं तर त्याहून वाईट आहे, अण्णा. फियाटला निदान मान आहे, लोक थांबून बघतात. मारुती पंचवीस लाखांहून जास्त झाल्या, जानेवारी २०१४ ला बनायच्या थांबल्या, आणि कुणाला वाटतच नाही की ती जपायची वस्तू आहे. हरपाल सिंगांची ती पहिली गाडी त्यांच्यामागे दारात गंजत उभी होती. पुढे ती नीट करून कंपनीने आपल्या मुख्य कचेरीत ठेवली. पहिल्या गाडीची ही गत, तर आपल्यासारख्यांच्या भंगारातच जाणार. माझी पन्नाशीला २०४४ मध्ये पोचेल. तोवर रस्त्यावर किती उरतील?

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. दुर्मीळ वस्तू आपोआप जपली जाते. तिला श्रीमंत वाली मिळतो. जी घरोघर होती ती आधी नाहीशी होते, कारण ती संपू शकते हेच कुणाच्या मनात येत नाही. महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांनी, परिचारिकांनी, पोस्टातल्या बायकांनी ज्या गाडीवर पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं, ती कुणीतरी चालती ठेवली पाहिजे. संग्रहालयात एक ठेवून ते भागत नाही.

अण्णा : मग हिशेब मांडू. विंटेजचे वीस हजार, दहा वर्षांना. साध्या नोंदणीचे दहा हजार, पाच वर्षांना. म्हणजे दहा वर्षांचे पुन्हा वीसच. पैसा तेवढाच जातो, तर गाडी बांधून का घ्यायची? कर काय लागेल तो लागेल. फियाटची साधी नोंदणी करू. तुझ्या मारुतीचीही करू.

ताई : दोन्हींचा खर्च घरातले मान्य करतील?

अण्णा : माझ्या गाडीचा मी करतो. तुझा पगार आहे.

ताई : पण साधी नोंदणी म्हणजे दर पाच वर्षांनी नंदुरबारला आरटीओत तपासणी. ब्रेक, दिवे, धूर, सगळं बघतात. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पास होईल?

अण्णा : ड्रम नीट कातले, लायनर नवे घातले आणि चारही चाकांचं ॲडजस्टमेंट सारखं केलं तर का होणार नाही? धुराचं म्हणशील तर कार्बोरेटर माझ्यावर सोड. फक्त एक अट आहे. तपासणीला ती ट्रकवर टाकून न्यायची नाही. ब्राह्मणपुरी ते नंदुरबार चालवत न्यायची.

ताई : कोण चालवणार? तुमचा गुडघा क्लच दाबू देतो का?

अण्णा : तू चालव. पण दांड्यावरचा गिअर पंधरा दिवसांत येत नाही, आधीच सांगतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना हात हलका लागतो, आणि तो सांगून येत नाही.

ताई : मग उन्हाळ्याच्या सुटीत शिकते. मारुतीच्या पेट्रोलच्या नळ्या मात्र त्याआधी बदलून द्या. शाळा सुरू आहे, मला रोज जायचं असतं.